रोटरीवाल्या काकांना भेटायला जाताना

अगं,

रोटरीवाल्या काकांनी भेटायला बोलावलंय, शाळेच्या हॅण्डवॉश स्टेशनचा अर्ज घेऊनच जाऊ का, असं विचारतेस. अर्ज पर्समध्ये असू दे, पण पहिल्या भेटीत काढू नकोस. त्यांच्या दुकानाची पायरी चढणारा दर दुसरा माणूस गिऱ्हाईक तरी असतो नाहीतर मागणारा.

आधी त्यांच्या धंद्याबद्दल विचार. रोटरी म्हणजे समाजकाम करणाऱ्या व्यावसायिकांचा क्लब, तिथे माणूस आपला व्यवसाय घेऊन शिरतो. एकाच पेशाची गर्दी होऊ नये म्हणून तिथे प्रत्येकाचं क्लासिफिकेशन, म्हणजे पेशाची वर्गवारी, असतं. काकांचं हार्डवेअरचं दुकान. टाकी किती उंचीवर ठेवली की शेवटच्या नळाला पाणी येतं, पोरांच्या हातात कुठला नळ टिकतो, हे त्यांच्याइतकं क्लबात कुणाला कळत असेल? बोलता बोलता तुझं अर्धं अंदाजपत्रक तिथेच होईल.

तुझे बाबा म्हणतात, हे लोक धंदा वाढवायला जातात. थोडं खरं आहे. 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघांना जमवून सुरुवात केली, तेव्हा ओळखीपाळखी आणि एकमेकांना कामं मिळवून देणं हाच मोठा भाग होता. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी खटपट वगैरे त्यानंतरची. मला यात वावगं वाटत नाही. ओळखी वाढवायला आलेला माणूस वर्षानुवर्षं पोलिओच्या रविवारी बूथवर बसत असेल, तर तो आला कशाला, हे मी विचारणार नाही.

पोलिओचा विषय मात्र काढच. रोटरीने 1985 मध्ये जगभरासाठी हे काम अंगावर घेतलं. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याकडे सापडला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. डोस पाजत घरोघर फिरल्या त्या आशाताई, अंगणवाडीच्या बाई, नर्सबाई. रोटरीवाल्यांनी पैसा उभा केला, बूथ मांडले, माणसं दिली. (काही भाषणांत हे श्रेय उलटं वाटलं जातं, तेवढं ऐकून सोडून दे.) काकांना विचार, तुम्ही कुठल्या बूथवर असायचा? नुसता उद्घाटनाला गेलेला माणूस पाहुण्यांची नावं सांगतो. बसलेला माणूस बर्फ वितळल्याचं सांगतो, पोरांच्या करंगळीवरच्या शाईचं सांगतो, दार न उघडणाऱ्या घराचं सांगतो.

मग तारखांचं बघ. रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि अध्यक्ष एकाच वर्षाचा. मे-जूनमध्ये चालू अध्यक्षाकडे गेलीस तर गोड बोलून चहा पाजतील, बस्स. पुढचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो आणि आपल्या वर्षाची कामं तो जुलैच्या आधीच मनात मांडत असतो. तो कोण, हे काकांकडून काढून घे.

मीटिंगला बोलावलं तर जा. घंटा, स्वागत, घोषणा, मग वक्ता. जेवण झाल्यावर वक्त्याच्या आधी सटकू नकोस. तिथे सभासदांच्या बायकांना अजून 'अ‍ॅन' म्हणतात. तू कुणाची अ‍ॅन, असं कुणी विचारलं तर हसून आपलं काम सांग. 1989 पर्यंत बायकांना सभासदच होता येत नव्हतं, त्यामुळे काही जुन्या जिभांना वळण लागायला वेळ लागतोय.

आणि क्लबाने दोन-तीन वर्षांपूर्वी कुठल्या शाळेत हॅण्डवॉश स्टेशन बांधलं असेल, तर ते काकांबरोबर जाऊन बघ. फीत कापतानाचे फोटो सगळ्यांकडे असतात. नळ चालू आहेत का, टाकी कोण धुतं, मोटारीचं बिल कोण भरतं, हे तिथेच कळेल. नळ तुटलेले दिसले तर गप्प राहा आणि काका काय करतात ते बघ. मुख्याध्यापकांना बोल लावतात, की खिशातून टेप काढून मापं घेतात? मापं घेतली, तर अर्ज तिथेच दे.

सकाळी जाऊ नकोस, प्लंबर-गवंड्यांची गर्दी असते. दुपारी दुकान बंद. चारला उघडलं की लगेच गाठ.

तुझे
सर