खारी हवा, सुती दोरा आणि सैल-घट्ट हात

पावसाळ्याच्या तोंडावर किनारपट्टीवरच्या विणकाम गटांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. दमट, खाऱ्या हवेत लोकर, सूत आणि सुया यांचं वागणं बदलतं. घाटावरच्या थंडीसाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत, ते धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गटात चौदा जणी आहोत. सगळ्यांनी मिळून एक पांघरूण करायचं ठरलं. डबल निटिंगची (मध्यम जाडीची) लोकर, ४ मिमीच्या सुया, प्रत्येकीने ३३ टाके घालून चौकोन विणले. जोडायला बसलो तर कुणाचा चौकोन १३ सेंमीचा, कुणाचा १७ चा! सगळं उसवायचं का? (चिपळूण)

उत्तर : सगळं नको. तुम्ही टाके सारखे ठेवलेत, पण हात सारखे नसतात. या लोकरीला ४ मिमीच्या, म्हणजे जुन्या हिशोबाने ८ नंबरच्या सुयांवर १० सेंमीत साधारण २२ टाके बसतात. घट्ट हाताने विणणारीचे २५ बसतात, सैल हाताने विणणारीचे १९. म्हणून त्याच ३३ टाक्यांतून एकीचे १३ सेंमी निघाले आणि दुसरीचे १७. विणणाऱ्या कुणाचीच यात चूक नाही. अनेक हातांच्या कामात टाके ठरवून द्यायचे नसतात, माप ठरवून द्यायचं असतं.

१३ सेंमीच्या चौकोनांना ४ मिमीच्या क्रोशाने भोवती खांबांचा (क्रोशावर एक वेढा घेऊन विणलेल्या उंच टाक्यांचा) एक फेरा घाला. प्रत्येक कोपऱ्यात एकाच जागी ५ खांब घ्या, म्हणजे कोपरा वळणार नाही. खांबाची उंची सेंटिमीटरभर असते, त्यामुळे चौकोन १५ च्या जवळ येतो. १७ वाले मात्र उसवावेच लागतील. चुण्या घालून ते १५ मध्ये बसवले तर पांघरुणाला फुगे येतात आणि धुतल्यावर ते जास्तच दिसतात.

पुढच्या वेळी तिरपा चौकोन विणा. ३ टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणा. प्रत्येक ओळीत पहिला टाका विणायचा, दुसऱ्या टाक्यात एकदा पुढून आणि एकदा मागून विणून एक टाका वाढवायचा, मग ओळ संपवायची. कडेची बाजू १५ सेंमी भरली की वाढवणं थांबवा. मध्यम हाताला तेव्हा सुईवर ४५ च्या आसपास टाके असतात. तिथून प्रत्येक ओळीत पहिला टाका विणून पुढच्या दोन टाक्यांची जोडी घ्यायची, म्हणजे दोन एकत्र विणून एक करायचा. ३ टाके उरले की बंद करा. सगळं सुलट विणलं की दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी येते. त्यामुळे हात सैल असो की घट्ट, कोपरा काटकोनातच बसतो. फूटपट्टी लावून बाजू मोजायची, बस्स.

आडवे ६ आणि उभे ८, असे ४८ चौकोन घेतले की ९० × १२० सेंमीचं पांघरूण होतं. एका चौकोनाला साधारण १२ ग्रॅम, म्हणजे चौकोनांना सुमारे ५७५ ग्रॅम. शिवणीसाठी धरून ६५० ग्रॅम लोकर घ्या. सूत आणि अॅक्रिलिक एकाच पांघरुणात मिसळू नका, धुतल्यावर दोन्ही वेगवेगळी वागतात. शिवायला बोथट टोकाची मोठी सुई घ्या आणि धागा सैल ठेवा. आणि अॅक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही फिरवू नका. वीण चपटी, निर्जीव होते आणि पुन्हा उठत नाही.

प्रश्न : स्वेटरसाठी निम्मी लोकर भावाने गणपतीला येताना मुंबईहून आणली, उरलेली शिमग्याला. त्याच कंपनीची, त्याच रंगाची, तरी छातीवर आडवी रेघ उमटल्यासारखी दिसते. (रत्नागिरी)

उत्तर : रंगाचा नंबर एकच असला तरी लॉट नंबर वेगळा आहे. प्रत्येक वेळी रंगवताना छटेत किंचित फरक पडतो. गुंडे हातात धरून तो दिसत नाही, विणल्यावर दिसतो. वेष्टनावर दोन्ही नंबर छापलेले असतात, ते भावाला आधीच लिहून द्या. छाती ९० सेंमी, पूर्ण बाह्या असतील तर डबल निटिंगची ५०० ते ६०० ग्रॅम लोकर लागते. बिनबाह्यांच्या स्वेटरला ३०० ग्रॅम पुरते. एक गुंडा जास्तच आणायला सांगा.

आता झालेल्या कामावर उपाय असा: रेघेच्या खाली १० ओळींपर्यंत उसवा आणि तिथून दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नव्या लोकरीच्या असं २० ओळी विणा. छटा एकमेकींत मिसळून जातात. धागा दर वेळी तोडू नका, कडेने सैल वर न्या. जुनी लोकर फारच थोडी उरली असेल तर पुढचा-मागचा भाग तिनेच पुरा करा आणि बाह्या व गळपट्टी नव्या लॉटची ठेवा. वेगळ्या भागांतला फरक डोळ्यांना खटकत नाही.

प्रश्न : गटाच्या सुया आणि लोकर एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो. पावसाळ्यानंतर उघडलं तर सुयांना गंज, सुतावर तांबडे डाग आणि लोकरीला कुबट वास. (वेंगुर्ला)

उत्तर : गंज पोलादी सुयांना लागतो. अॅल्युमिनियमच्या सुया गंजत नाहीत, पण घामाच्या हाताला त्यांच्यावर धागा चिकटतो. बांबूच्या सुया हाताला चांगल्या लागतात, मात्र दमट हवेत खरखरीत होतात. बारीक पॉलिश पेपर फिरवून मेणबत्तीचं मेण चोळलं की पुन्हा सरकू लागतात. पोलादी सुया काम झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि लोकरीपासून वेगळ्या ठेवा. अर्धवट काम सुईवरच ठेवून पावसाळा काढणं, हे त्या डागांचं खरं कारण. टाके जाड सुती दोऱ्यावर उतरवून ठेवा. पांढऱ्या सुतावरचे डाग लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवले, मग धुतले, की बरेच जातात. रंगीत सुतावर आधी आतल्या बाजूला टोकाशी लावून पाहा.

वास बुरशीचा आहे. ओलसर लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की ओल आत कोंडते. मे महिन्यातल्या कडक उन्हाच्या दिवसांत, पण सावलीत, दोन दिवस वाळवा आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधून ठेवा. ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कसर खऱ्या लोकरीला लागते. अॅक्रिलिक आणि स्वच्छ सूत ती सहसा खात नाही, मात्र घामाचे किंवा खाण्याचे डाग असतील तर तिथे पोखरते. म्हणून धुतल्याशिवाय काही आत ठेवू नका.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांतल्या नॅप्थॅलीनमुळे जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. अशी कमतरता आहे हे पुष्कळदा आधी कुणालाच ठाऊक नसतं.

प्रश्न : प्रसूती वॉर्डासाठी गटातर्फे टोपडी द्यायची आहेत. लोकर घ्यावी की सूत? एक खात्रीचं माप द्याल का? (दापोली)

उत्तर : आधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारा: किती हवीत, कोणत्या मापाची, तिथे धुतात कशी. गरम पाण्यात धूत असतील तर सूतच चालेल. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, तिथून उष्णता बरीच जाते, म्हणून सुरुवातीला टोपडं लागतं. पण आपल्याकडच्या उकाड्यात अॅक्रिलिकमध्ये घाम साठतो. आमचं मत सुती दोऱ्याच्या बाजूने आहे. पावसाळ्यासाठी मऊ बेबी लोकर चालेल. केसाळ लोकर नको, तिचे तंतू नाकातोंडात जातात.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी असतो. टोपडं ३० सेंमीचं करा, ताणून बसतं. फोर-प्लाय जाडीचा (डबल निटिंगपेक्षा बारीक) दोरा, ३.२५ मिमीच्या (१० नंबरच्या) सुया, १० सेंमीत २८ टाके. आधी नमुन्याचा तुकडा विणून मोजा. ३० टाके बसत असतील तर ३.५ मिमीच्या सुया घ्या.

८६ टाके घाला. एक सुलट, एक उलट असं ८ ओळी. सूत लोकरीसारखं आवळून येत नाही, त्यामुळे एवढी पट्टी ११ नंबरच्या सुयांवर विणा, नाहीतर दोन धुण्यांत कड सैल पडते. मग १० नंबरवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणत खालच्या कडेपासून ११ सेंमी भरू द्या. शेवटची ओळ उलट हवी.

आता डोक्याचा गोल. दोन्ही टोकांचा एकेक टाका कायम साधा ठेवा, उरलेल्या ८४ वर काम करा: ५ सुलट, दोघांची जोडी, असं १२ वेळा, ७२ उरतील. पुढची ओळ नुसती उलट. मग ४ सुलट आणि जोडी, पुन्हा उलट ओळ, मग ३ आणि जोडी, असं उतरत २४ पर्यंत या. शेवटी नुसत्या जोड्या घ्या. टोकांचे दोन धरून १४ टाके राहतात. धागा ३० सेंमी ठेवून तोडा, सुईने टाक्यांतून ओवून आवळा, दोनदा फिरवा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला. शिवण चपटी हवी. बाळ तिच्यावर डोकं टेकून झोपतं. गाठ मारू नका, टोकं ५ सेंमी विणीत लपवा. गोंडा, रिबीन, बटण काहीच नको. एका टोपड्याला २५ ते ३० ग्रॅम दोरा लागतो.

कमी दिवसांच्या बाळासाठी ७४ टाके घाला, ९ सेंमीवर गोल सुरू करा आणि ‘४ सुलट, जोडी’ पासून उतरवा. बाकी सगळं तेच. देण्याआधी बिनवासाच्या साबणाने धुवा. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि खाटेवर पसरून पंख्याखाली वाळवा. दोरीवर टांगलं की ओलं सूत स्वतःच्या वजनाने लांबतं.

प्रश्न : जाळ्याचा नायलॉन दोरा घरात भरपूर पडून आहे. त्याची मासळीची पिशवी क्रोशाने होईल का? तळ सपाट येत नाही. (मालवण)

उत्तर : उत्तम होईल. नायलॉन पाणी धरत नाही आणि लवकर वाळतं, म्हणून मासळीचा वास सुती पिशवीइतका त्यात राहत नाही. मात्र जाळ्यात प्रत्येक डोळ्याला गाठ असते, क्रोशात गाठ नसते. गुळगुळीत दोऱ्याचं टोक सुटलं की फेरेच्या फेरे उसवतात. टोक ८ ते १० सेंमी विणीत उलटसुलट ओवा आणि शेवट मेणबत्तीवर किंचित वितळवून दाबा. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटून भाजतं, चमच्याच्या पाठीनेच दाबा.

तळासाठी कडीत १२ खांब, पुढे २४, ३६, ४८, ६०. प्रत्येक फेऱ्यात बरोबर १२ वाढले पाहिजेत. कमी वाढले तर तळ द्रोणासारखा वर उचलतो, जास्त वाढले तर झालर पडते. तुमचा तळ कसा बिघडतो ते पाहिलं की चूक कळेल. ७२ वर वाढवणं थांबवा आणि १ खांब, २ साखळ्या, मधले २ खांब सोडून पुन्हा १ खांब अशी जाळी २५ सेंमी चढवा. पट्टा जाळीचा करू नका, ओझ्याने लांबतो. सलग खांबांचा, ४ सेंमी रुंद हवा. अरुंद पट्टा खांद्यात रुततो.

प्रश्न : बैठकीत गप्पांत टाके चुकतात, नव्या मुलींना शिकवायला वेळ उरत नाही. (गुहागर)

उत्तर : मोजणीचं काम घरी ठेवा. बैठकीला चौकोन, मफलर, पट्ट्या असं सरळ काम आणायचं. ज्यांना नक्षी आणायचीच असेल त्यांनी दर दहाव्या ओळीला रंगीत दोऱ्याची खूण बांधावी. चूक झाली तर तेवढंच मागे जावं लागतं. पहिली ४० मिनिटं फक्त शिकणाऱ्यांची ठेवा, तेव्हा जाणत्यांनी स्वतःचं काम हातात घेऊ नये. शिकायला जाड, फिक्या रंगाची लोकर आणि ५ मिमीच्या सुया द्या. पावसाळी संध्याकाळी काळ्या लोकरीत सुटलेला टाका दिसतच नाही. भजी आणि सोलकढी काम गुंडाळून ठेवल्यावर. आमसुलाचा डाग सुतावरून सहजी निघत नाही.

डावखुऱ्या मुलीला शेजारी बसवून शिकवू नका, समोर बसवा. तिला तुमचे हात आरशातल्यासारखे दिसतात आणि क्रोशा ती तसाच्या तसा उचलते.