साताऱ्याहून मित्रांसोबत गाडी काढून समुद्रावर दोन-तीन दिवस निवांत जायचंय, कुठं आणि कसं जावं?

तुम्ही लिहिलंय की पाच जण आहात, शाळेपासूनचे मित्र, तिघं साताऱ्यात आणि दोघं पुण्याला, दिवाळीनंतर एकच गाडी काढायचीय, समुद्र पाहिजे पण गोवा नको, आणि "धावपळ नको" हे तर दोनदा लिहिलंय. मग डोकं जास्त लावू नका, गुहागरला जा. मालवण, गणपतीपुळे, दापोली-हर्णै सगळं भारीच आहे, मी कुणाला नावं ठेवत नाही, पण गुहागर साताऱ्याहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, सकाळी निघालं की रमतगमत दुपारच्या जेवणाला पोचता येतं आणि तिथं गेल्यावर "हे बघितलंच पाहिजे" असं कुणी मागं लागत नाही. तुम्हाला हवाय तो निवांतपणा तोच.

फक्त लाँग वीकेंड सोडा राव. जमत असेल तर रविवारी सकाळी निघा आणि मंगळवारी या. शनिवारी अख्खं पुणे-मुंबई कोकणात उतरलेलं असतं, रविवारी दुपारी ती सगळी गाड्या वळवतात आणि तुम्ही पोचता तेव्हा किनारा मोकळा. रूमसुद्धा स्वस्तात मिळते. पुणेकर दोघांना दोन सुट्ट्या टाकायला लावा, एवढं तर मित्रासाठी होतंच.

रस्ता सांगतो. हायवेनं नागठाणे, अतीत करत उंब्रजला यायचं, सहापदरीचं काम चालूये त्यामुळं डायव्हर्जन लागतील, तिथं रेस करू नका. उंब्रजला हायवे सोडून आत वळलात की मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढं गुहागर. काही लोक सांगतील महाबळेश्वरावरून पोलादपूरला उतरा, सीन चांगला आहे म्हणून. सीन चांगला आहेच, पण महाबळेश्वरात सुट्टीच्या दिवशी गाडी मुंगीसारखी सरकते आणि गुहागरला जायला तो उगाचचा वळसा आहे. आपल्या पाटणच्या रस्त्याला एका बाजूला नदी, वर डोंगरावर पवनचक्क्या, गर्दी कमी, आणि मेन म्हणजे कुठंही गाडी साइडला घेऊन चहा मारता येतो.

सहाला निघायचं ठरवा म्हणजे साडेसातला निघाल. एक जण असतोच की ज्याच्या घराखाली हॉर्न वाजवून शेजारी जागे होतात पण तो होत नाही. त्याला सगळ्यात आधी उचलायचं, शेवटी नाही. नाष्टा घरून करून निघू नका, पाटणला करा, पण पोट फुगेपर्यंत मिसळ खाऊन कुंभार्ली उतरायला जाऊ नका, मागच्या सीटवर मधे बसलेल्याची काय हालत होते ते मी बघितलंय आणि ती गाडी नंतर चार दिवस तसाच वास मारत होती. घाट लागणारा गडी पुढं बसवा, खिशात आवळा सुपारी नाहीतर लिंबू ठेवा.

कोयनानगरला मात्र तासभर थांबाच. नेहरू गार्डनमधून धरण दिसतं, १०५ टीएमसीचं, दरवर्षी पावसाळ्यात आपण पेपरला "कोयना इतकी भरली" वाचतो तेच. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे इथंच तो मोठा भूकंप झाला, तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारून बघा, पाटण खोऱ्यातल्या माणसांना ती रात्र अजून पाठ आहे. आणि एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. आपल्याला कोयना माहितीये ती कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी, म्हणजे पूर्वेला जाणारी. पण धरणातलं खूप पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेतात, घाटाच्या खाली पोफळीकडं उंचावरून सोडून वीज करतात, सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे, आणि वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठी नदीत जातं. म्हणजे तुम्ही वरनं गाडीनं कुंभार्ली उतरत असता तेव्हा पाणीबी आतनं घाट उतरत असतं. आमच्यातला सिव्हिलवाला हे सांगायला लागला की अर्धा तास गप्प बसत नाही, पण मला ही माहिती आवडते, हिचा उपयोग पुढं गुहागरजवळच्या अंजनवेलला होतो, सांगतो.

घाटात फार काही करायचं नाही, गिअर सेकंडला ठेवायचा, उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडायची नाही, ट्रकवाल्याला वळणावर आधी जाऊ द्यायचं. माकडं असतात, काचा खाली घेऊन त्यांना वेफर्स देणाऱ्या मित्राला तिथंच उतरवा. अंधार पडल्यावर हा घाट नकोच, त्यात धुकं असलं तर समोरचं बोनेट दिसत नाही. पोफळीला आलात की हवा एकदम बदलते, वर स्वेटर घातलेला माणूस खाली शर्टाची बटणं सोडायला लागतो, माती लाल होते, घरं चिऱ्याची होतात, तिथं कळतं कोकण आलं.

चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा हायवे लागतो. गावात शिरून टाइमपास करू नका, मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत सरळ गुहागर. टाकी चिपळूणलाच फुल करा. शृंगारतळीला मोठी बाजारपेठ आहे, पाण्याचे बॉक्स, चिवडा, टॉवेल विसरलेल्याला टॉवेल आणि बाकीचं जे काय तुमचं सामान असेल ते तिथं घ्या. गुहागर लहान गाव आहे, रात्री नऊ-साडेनऊनंतर सामसूम.

राहायला हॉटेल बघू नका, वाडीत घरगुती राहा. गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता, वरचा पाट आणि खालचा पाट, दोन्ही बाजूला घरं, आणि समुद्राच्या बाजूच्या घरामागं नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की वाळू. सकाळी चहाचा कप हातात घेऊन, दात न घासता, अनवाणी समुद्रावर जाता येतं. पण बुकिंग करताना एक गोष्ट फोनवर स्पष्ट विचारा. गावात बरीच घरं ब्राह्मणांची आहेत, तिथं जेवण शाकाहारीच असतं आणि दारूबिरू अजिबात चालत नाही. मासे पाहिजेत तर तसं घर बघा किंवा जेवायला बाहेर जा, तिथं जाऊन काकूंशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आणि खरं सांगू का, पाचही जण नॉनव्हेजवाले असलात तरी एक जेवण शाकाहारी घरीच करा. उकडीचे मोदक, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी, सकाळी घावणे. जेवण आधी सांगावं लागतं, दुपारचं सकाळीच, आयत्या वेळी "काकू पाच ताटं वाढा" म्हटलं तर वाढणार नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे.

माशांचं म्हणाल तर दिवाळीनंतर सीझन चांगला असतो. आपण घाटावरची माणसं, मटणावर वाढलेली, त्यामुळं ग्रुपमध्ये एक तरी असतो जो समुद्रावर जाऊन चिकन मागवतो. आमच्यातल्या अशाच एकाला आम्ही जबरदस्तीनं बांगडा घ्यायला लावला. पठ्ठ्यानं नळी फोडावी तसा तुकडा तोंडात कोंबला आणि मग पाच मिनिटं एक डोळा मिटून, बोटं घशाजवळ नेऊन काटा शोधत बसला, शेजारच्या टेबलावरचं पोरगं त्याला शिकवायला लागलं की काका, मधला काटा आधी उचलायचा, मग दोन्ही बाजू सुट्या होतात. दुसऱ्या दिवशी त्याचं त्यानंच बांगडा मागवला. तुमच्यात नवशिका असेल तर सुरमईपासून सुरू करा, तिला काटा कमी.

आता बघायचं काय. दुसरा दिवस अख्खा मोकळा ठेवा, हे माझं ठाम मत आहे. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण एक्सेल शीट घेऊन येतो, सकाळी हेदवी, मग वेळणेश्वर, मग फेरी बोटीनं तवसाळहून जयगड, मग गणपतीपुळे, मालगुंडला केशवसुतांचं घर, संध्याकाळी परत. होतं की, पण दिवस गाडीतच जातो आणि ड्रायव्हिंग करणारा रात्री कुणाशी बोलत नाही. गणपतीपुळ्याची वेगळी ट्रिप करा. यावेळी फार तर एक दिशा निवडा.

मी अंजनवेलची निवडेन. दुपारी झोप काढून चारला निघा, धोपाव्याच्या जेटीवर गाडी लावा आणि नुसतं पायी बोटीत बसून पलीकडं दाभोळला जा. गाडीसकट पण जाता येतं, खलाशी हातानं इशारे करत गाड्या इतक्या चिकटून लावून घेतो की दार उघडत नाही, ते बघायला मजा येते, पण पायी जाणं स्वस्त आणि बिनघोर. दाभोळ हे एके काळचं मोठं बंदर, आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, गुहेतलं चंडिकादेवीचं देऊळ आहे. वेळ कमी असेल तर नुसता चहा पिऊन परत आलात तरी चालतं. मग सूर्य बुडायच्या आत अंजनवेलला, गोपाळगड, टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह जवळजवळच आहे. तिथून खाडीचं तोंड दिसतं. ती खाडी वाशिष्ठीची. आदल्या दिवशी कोयनेला बघितलेलं पाणी डोंगर पोखरून, वीज करून, चिपळूणवरून वाहत येऊन इथं समुद्राला मिळतं. पाटणचा माणूस सोबत असेल तर त्याला हे तिथं उभं करून सांगा, छाती फुगवून "आमचं पाणी आहे" म्हणतो आणि मग त्याच्याकडून पार्टी घ्यायची.

हेदवीला जाणार असाल तर भरतीचा टाइम बघून जा. दशभुजा गणपती कधीही दिसेल, पण समुद्रावरची बामणघळ ओहोटीला म्हणजे खडकातली नुसती चीर, भरतीला त्याच चिरेतून पाणी वर उसळतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, म्हणजे आदल्या दिवशी कधी होती ते घरमालकांना विचारलं की हिशोब लागतो, त्यांना तोंडपाठ असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा बामणघळ भारी दिसते पण काठावर सेल्फी नको, खडक शेवाळलेले असतात.

पोहण्याबद्दल जरा कडक बोलतो. कृष्णेत पोहायला शिकलेल्या माणसाला वाटतं आपल्याला पाणी येतं. समुद्राचं पाणी मागं ओढतं, नदीसारखं वाहून पुढच्या घाटाला लावत नाही. कमरेच्या वर जायचं नाही, ओहोटीला तर नाहीच, आणि घेतलेला माणूस पाण्यात अजिबात नाही, तो कितीही म्हणाला "मला काय होत नाय" तरी. गाडी वाळूत घालायची हौस पण घरीच ठेवून या. रील बनवायला गाडी घालणारे दर सुट्टीत असतात आणि भरती आल्यावर जेसीबी शोधत फिरणारे पण तेच असतात.

तुम्ही फेब्रुवारी-मार्चला गेला असता तर कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना दिसली असती. ऑलिव्ह रिडले गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालतात, २०२३ मध्ये इथल्याच दोन कासविणींना सॅटेलाइट टॅग लावले होते, नावं बागेश्री आणि गुहा, त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात गेली. नोव्हेंबर-डिसेंबरला पिल्लं नसतात, पण अंडी घालायचा सीझन सुरू होत असतो, म्हणून रात्री किनाऱ्यावर शेकोटी, मोठे लाइट, स्पीकर असलं काही करू नका.

पैशाचं विचारलंय. आकडा सांगत नाही, रेट सारखे बदलतात. निघायच्या आधी सगळ्यांनी सारखी रक्कम एकाच्या जीपेवर टाकायची, जो हिशोबाला चिकट असेल त्याच्याकडं, आणि नंतर सगळा खर्च त्यातनंच. दर चहाला "मी देतो, तू राहू दे" सुरू झालं की तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी चेहरा पडतो. गाडी ज्याची त्याच्याकडून पेट्रोलचा वाटा घेऊ नका, गाडीची झीज होते ती कोण मोजतं. आणि गाणी लावायचा हक्क चालवणाऱ्याचा, बाकीच्यांनी फक्त तक्रार करायची.

येताना तोच रस्ता, घावणे खाऊन नऊला निघा म्हणजे दुपारपर्यंत कुंभार्ली चढून वर याल. मंगळवारी आलात तर पुणेकरांना साताऱ्यात जेवून संध्याकाळी सोडलं तरी चालेल, हेच रविवारी केलं तर खेड-शिवापूरच्या टोलला रांगेत बसून शिव्या देतील. घरी न्यायला आमसुलं आणि कोकम आगळ जिथं राहाल त्या काकूंकडूनच घ्या, हायवेच्या दुकानांपेक्षा चांगलं मिळतं. आगळची बाटली मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून डिकीत उभी ठेवा, सांडलं तर सीटकव्हरचा डाग काही केल्या निघत नाही.