‘ट्रबल’ : भाषांतर शिकणाऱ्यास पत्र

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. भाषा ओघवती आहे, पण घाई दिसते. बेलफास्टवरच्या लेखात ‘द ट्रबल्स’चं तू ‘अडचणी’ केलंस. उत्तर आयर्लंडमध्ये १९६०च्या दशकाअखेरीपासून १९९८च्या गुड फ्रायडे करारापर्यंत जो हिंसाचार चालला, त्याचं ते नाव आहे. सुमारे ३५०० माणसं त्यात गेली. अडचण नळाला पाणी न येण्याची असते. हे नाव तसंच ठेव, पहिल्या उल्लेखाला एका ओळीचा खुलासा जोड.

शब्द रोजच्या वापरातला, म्हणून कोश उघडावासा वाटत नाही. फसगत होते ती इथेच. ‘हार्ट ट्रबल’ म्हणजे हृदयविकार. ‘इन ट्रबल’ म्हणजे गोत्यात. ‘टेक द ट्रबल’मध्ये मात्र कौतुक असतं: तसदी घेणं, आवर्जून करणं. लेखातली आजी अनोळखी पाहुण्यासाठी भर पावसात दूध आणायला जाते, तिथे तू ‘तिने त्रास करून घेतला’ लिहिलंस. मायेने उठलेली बाई त्या एका क्रियापदाने कुरकुरी झाली. ‘आवर्जून गेली’ लिही, पुरे.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला गढूळपणा आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. १६११च्या किंग जेम्स बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानात, देवदूत कुंडातलं पाणी ‘ट्रबल’ करतो, म्हणजे ढवळतो. त्यानंतर जो रोगी सगळ्यांत आधी पाण्यात उतरेल तो बरा होतो. आता इथे ‘त्रास दिला’ कसं चालेल?

हे ढवळणं लक्षात ठेवलंस तर जॉन लुईसही समजतील. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मा इथे, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात, पुलावर पोलिसांच्या मारहाणीत त्यांची कवटी फुटली. पुढे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले, तरी तरुणांना ‘गुड ट्रबल’ करायलाच सांगत राहिले. ‘चांगला त्रास’ म्हटलं तर त्या माणसाचं सगळं आयुष्य पुसलं जातं. ‘बंड’ जवळचं आहे, पण त्यात शस्त्राचा वास येतो आणि लुईस अहिंसेचे होते. मी ‘न्यायासाठी खळबळ’ लिहीन. खळबळीत पाणी अजून हलतंय.

याहून नेमकं तुला काही सुचलं तर दुरुस्त मसुद्यासोबत कळव. मी वापरीन.