सूर्याजवळून जाणारा किरण आणि हरवलेला अर्धा आकडा

भावा, तुझी आकडेमोड बरोबर आहे, परत परत तपासू नकोस. सूर्याच्या कडेला घासून जाणारा किरण किती वाकतो, याचं क्लासच्या सूत्राने ०.८७ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येतं, पुस्तकात १.७५ आहे आणि सर तुलाच चुकीचा ठरवतायत, हे वाचून जुनं सगळं आठवलं. माझ्या एका विद्यार्थिनीचं हेच झालं होतं.

फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, वस्तुमान चिकटवून न्यूटनचं सूत्र लावलं की उत्तर निम्मंच येणार. खुद्द आइन्स्टाइनलाही १९११ मध्ये निम्मंच मिळालं होतं, कारण त्यात सूर्याजवळ वेळ मंदावते एवढाच हिशेब होता. सूर्याभोवतीचं अवकाशही वक्र असतं, हे धरल्यावर १९१५ मध्ये आकडा दुप्पट झाला. ग्रहांचा वेग कमी, त्यांना हा दुसरा भाग जेमतेम जाणवतो. प्रकाशाला दोन्ही सारखेच भोवतात.

त्या पोरीने दोन्ही आकडे विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर शेजारी शेजारी लिहिले होते. प्रदर्शनाची निवड करणाऱ्या कार्यालयाने १.७५ वर लाल काट मारली. शेरा, ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’. लेखी कारण मागायला गेलो तर ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’. हे प्रदर्शन संपेपर्यंत चाललं. पुढच्या वर्षी तिने भागच घेतला नाही. याचा राग अजून जात नाही.

म्हणून सांगतो, तूही तक्ता केलास तर १९१९ च्या सूर्यग्रहणात सूर्याजवळच्या ताऱ्यांचे फोटो काढून हे वाकणं मोजलं होतं, ते आकडे सगळ्यात वर टाक: प्रिन्सिपे बेटावर १.६१, ब्राझीलमधल्या सोब्रालला १.९८. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीचे ०.९३ सुद्धा टाक. त्या फोटोच्या काचेच्या प्लेट्स धूसर आल्या होत्या म्हणून बाजूला ठेवल्या. लपवलंस तर कुणीतरी नेमकं तेच विचारेल.

वक्र अवकाश दाखवायला ताणलेल्या चादरीवर गोट्या सोडतात, तो प्रयोग नेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत. त्यात वेळेचा भाग दिसतच नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरणही नको. मावळतीचा सूर्य साधारण अर्धा अंश वर उचललेला दिसतो तो हवेतल्या अपवर्तनामुळे, आणि ते या १.७५ च्या हजारपट मोठं असतं. इथे जमिनीलगत किलोमीटरभर गेलेला किरण अणूच्या जाडीइतकाही खाली येत नाही.

मी शाळेत शिकवतो, संशोधक नाही. टेन्सरचं, म्हणजे वक्र अवकाशाच्या हिशेबाचं, गणित विद्यापीठातल्या कुणाला तरी दाखवून घे. बाकी निम्म्याचं दुप्पट कसं होतं त्यात अडलास तर जिथे अडलास ती पायरी इथे टाक, बसून बघू.