गॅलरीतला आवाज भाच्यानं ओळखला

ताई,
मी कोल्हापूरचा, वय ४१. आमच्या पेठेच्या तालीम मंडळाच्या फुटबॉल टीमची एकही मॅच मी गेल्या पंचवीस वर्षांत चुकवलेली नाही. वडिलांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमला जायचो, तेव्हापासूनचा नाद आहे. टीम कशी चालवावी याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि मी ती चौकात उघड बोलतो. बाहेरचे खेळाडू आणणं बंद करा, पेठेतल्या पोरांना खेळवा. वर्गणीचा हिशेब लोकांसमोर वाचा. कोच शिकलेला ठेवा, कमिटीनं टीम निवडू नये. यावरून मंडळातल्या थोरामोठ्यांशी माझं बऱ्याचदा वाजलंय.

माझ्या बहिणीचा मुलगा, वय १९, यंदा टीममध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू होता. सेमीफायनलला शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं मागं आपल्या गोलीला, म्हणजे गोलकीपरला, दिलेला बॅकपास तोकडा पडला, समोरच्या फॉरवर्डनं तो मधेच पकडला आणि आम्ही हरलो. त्या क्षणी मी उभा राहून ओरडलो, ‘कुणी घेतलं रे ह्याला टीममध्ये? बाहेर काढा!’ त्यानं वर बघितलं. आवाज ओळखला त्यानं. तीन आठवडे झाले, तो प्रॅक्टिसला जात नाही आणि माझ्याशी बोलत नाही. बहीण म्हणते, गोलीनं ‘मागं दे’ म्हणून हाक मारली होती, म्हणून त्यानं पास दिला.

आता मंडळानं मला निरोप धाडलाय, ‘लई बोलतोस, तर कमिटीत ये आणि चालवून दाखव.’ बायको म्हणते, पाऊल टाकाल तर बघा. काय करू?
– एक पेठकरी

दादा,

तुमच्या पत्रात टीमबद्दल दीड पान आहे आणि भाच्याबद्दल सहा ओळी. मी मात्र त्या सहा ओळींपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल.

तुम्ही फुटबॉलवेडे आहात, त्यामुळे १९५० ची ब्राझीलमधल्या माराकाना स्टेडियमवरची मॅच तुम्हाला सांगायला नको. दोन लाखांच्या आसपास माणूस जमलेला, ब्राझीलला नुसती बरोबरी पुरणार होती, आणि उरुग्वेनं २-१ नं विश्वचषक नेला. दुसरा गोल उरुग्वेच्या घिगियानं जवळच्या खांबालगत घातला आणि बार्बोसा हा ब्राझीलचा गोलकीपर जन्मभर दोषी ठरला. तो २००० साली गेला, म्हणजे पन्नास वर्षं त्यानं तो एक गोल वाहिला. पण त्याआधीचा गोल आठवा. त्या वेळी घिगियानं त्याच बाजूनं येऊन बॉल मधे दिला होता आणि शियाफिनोनं तो मारला होता. दुसऱ्यांदाही तसाच पास येणार असं धरून बार्बोसा किंचित पुढं सरकला. त्यानं विचार केला होता, दादा. गॅलरीला दिसला तो फक्त जाळीतला बॉल.

तुमच्या भाच्याचंही तेच झालं. गोलीची हाक मैदानात ऐकू आली, ती तुमच्यापर्यंत पोचली नाही. तुमची हाक मात्र त्याच्यापर्यंत पोचली. हजारो लोकांच्या गलक्यात पोराला नेमका मामाचा आवाज ऐकू आला, कारण लहानपणापासून तो त्याच आवाजाकडे बघत आलाय. परका कुणी ओरडला असता तर दुसऱ्या दिवशी विसरला असता.

माझा धाकटा भाऊ गावच्या टीममधून सात वर्षं खेळला. एकदा टायब्रेकरमध्ये त्याची पेनल्टी बाहेर गेली. त्या संध्याकाळी तो चौकातून आला नाही. मागच्या बोळातून आला, बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत लपवून. परसात पायरीवर बसून राहिला. आमचे वडील जाऊन शेजारी बसले, पिशवीतून बूट काढले आणि मोडक्या करवतीच्या पात्यानं स्टडमधली माती खरवडायला लागले. एक बूट झाला, दुसरा झाला. मॅचबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी ‘जेवायला चल’ एवढंच म्हणाले. भाऊ आज पन्नाशीला आलाय, ती पेनल्टी कुठल्या स्पर्धेतली होती ते त्याला आठवत नाही, पण ते करवतीचं पातं आठवतं.

तुम्ही बहिणीकडे जा. बरोबर मंडळाचा कुणी नको, पेढे नकोत, नवे बूट तर मुळीच नकोत. ती लाच वाटेल. त्याच्यासमोर बसून सांगा, ‘मी ओरडलो, ते चुकलं.’ आणि तिथं थांबा. ‘पण तूही जरा बघून पास द्यायला हवा होतास’ असं म्हणू नका. ‘प्रेमापोटी बोललो रे’ हेही नको, कारण मग त्याला तुमच्या प्रेमाची समजूत घालत बसावं लागेल. तो गप्प राहिला तर राहू द्या. पुन्हा खेळ, असं सांगायला तर अजिबात जाऊ नका. खेळायचं की नाही, हे तो ठरवेल. आणि मधल्या काळात चौकात कुणी त्या बॅकपासचा विषय काढला, तर गोलीनं हाक मारली होती हे तुम्ही सांगा, त्या गोलीच्या नावानं खडे न फोडता. तीन आठवडे हे एकट्या बहिणीनं सांगितलंय.

आता कमिटीचं. तुमची मतं मला बरीचशी पटतात, म्हणून जा म्हणते. कोल्हापूरच्या पेठांकडे जे आहे ते मोठमोठ्या क्लबांकडे नाही. महिंद्रा युनायटेड आठवतो? २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेला मुंबईचा संघ, आणि २०११ मध्ये कंपनीनं ठरवलं म्हणून बंद. समर्थकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. तुमच्या तालमीला मालक नाही. ती वर्गणीवर, कुणाच्या तरी जुन्या जीपवर आणि रात्री दुकान बंद करून येणाऱ्या माणसांवर चालते, त्यामुळे ती कुणी एका सहीनं बंद करू शकत नाही. मात्र त्याच कारणानं तिच्यात जे चुकतं त्यात तुमचाही वाटा असतो.

इंग्लंडमध्ये विम्बल्डन या फुटबॉल क्लबच्या समर्थकांनी हे करून दाखवलंय. २००२ मध्ये त्यांचा क्लब दुसऱ्या शहरात, मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी नवा क्लब काढला, सार्वजनिक मैदानात खुली निवड चाचणी घेतली आणि नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत पोचले. आधी ही माणसंही गॅलरीत बसून नावंच ठेवत असतील की!

तुमच्या एका मताशी माझं पटत नाही. बाहेरचे खेळाडू एकदम बंद करा, हे ऐकायला गोड आहे, पण चांगल्या स्ट्रायकरला रोज प्रॅक्टिसमध्ये अडवूनच पेठेतला बॅक तयार होतो. प्रश्न संख्येचा आहे. मैदानात पेठेची पोरं किमान किती हवीत, ते हंगामाच्या आधी ठरवून लिहून ठेवा आणि फायनलला ते मोडू नका. आपल्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला, तेव्हा पोरांमध्ये दम आहे का हा प्रश्न उरलेला नाही. आणि बाहेरून आलेल्या पोराच्या रंगावरून गॅलरीत कुणी ओरडत असेल, तर त्याला खाली बसवणं हेही आता तुमचं काम.

कोचबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनचा ‘डी’ लायसन्सचा कोर्स असतो, पेठेतल्याच एखाद्या जुन्या खेळाडूला मंडळाच्या खर्चानं तो कोर्स करायला पाठवा. हिशेबाचंही बरोबर. गणपतीचा पैसा आणि टीमचा पैसा वेगळ्या वहीत.

पण तुम्ही अध्यक्षपद किंवा टीम निवडीत नाक खुपसणारं कुठलंही पद घेऊ नका. भाचा टीममध्ये असताना तर नाहीच. तुम्ही एकच काम मागून घ्या, खेळाडूंच्या दुखापतीचं. तुमच्या यादीत हा विषयच नव्हता, म्हणून मुद्दाम सांगते. गुडघा स्थिर ठेवणारं एसीएल लिगामेंट तुटलं तर ऑपरेशननंतर मैदानात परतायला नऊ महिने आणि त्याहूनही जास्त लागतात. तेवढ्यात पोराचा हंगाम जातो, कधी नोकरी जाते, आणि घरचे म्हणतात, बास झाला फुटबॉल. जिंकल्यावर मिरवणुकीला वर्गणी धो-धो येते, गुडघ्याला येत नाही. हंगामाच्या सुरुवातीलाच वर्गणीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढा, सगळ्यांचा अपघात विमा करा, मॅचला बर्फाची पेटी आणि फिजिओ असेल असं बघा. वर्षभर एवढंच नीट करा. या कामात कुणी तुम्हाला खांद्यावर घेणार नाही. पण कुठल्या पोराला काय दुखतंय, कोण झोपत नाही, कुणाच्या घरी काय चाललंय, हे सगळं तुम्हाला कळेल. मग पुढच्या वर्षी तुमचं मत मांडा. मला वाटतं, त्यातलं निम्मं बदललेलं असेल.

वहिनींचं राहिलं. ‘पाऊल टाकाल तर बघा’ असं माणूस उगीच म्हणत नाही. पंचवीस वर्षांत एकही मॅच चुकली नाही, तर घरचं काय काय चुकलं असेल, ते त्यांना विचारा आणि मधे न बोलता ऐका. आठवड्यातले दोन दिवस मंडळाचे, हे आधीच ठरवा. घरातला पैसा त्यांना न विचारता टीमला लावायचा नाही. त्या तरीही नाही म्हणाल्या, तर हे वर्ष जाऊ द्या. मंडळ कुठं पळून जात नाही.

आणि पुढच्या मॅचला नेहमीच्या जागी बसू नका. आपल्या गोलच्या मागं, जितकं जवळ बसता येईल तितकं बसा. तिथून गोल नीट दिसत नाहीत, पण गोली काय ओरडतो ते ऐकू येतं.

तुमची,
ताई