गोटा की गारगोटी?

नदीतल्या गुळगुळीत दगडाला मराठीत ‘गोटा’ म्हणायचे की ‘गारगोटी’, असा प्रश्न आला आहे. विचारणारीला भाषांतरात ‘पेबल’साठी शब्द हवा आहे आणि कोशात दोन्ही सापडले.

माझे मत गोट्याला. गोटा हे आकाराचे नाव आहे, गारगोटी हे दगडाच्या जातीचे. पाण्याने घरंगळत, एकमेकांवर आपटत ज्याचे कोपरे गेले तो गोटा. मग तो कुठल्याही खडकाचा असो. म्हणून तर न फोडलेल्या सुक्या खोबऱ्याचा गोटा होतो आणि न्हाव्याकडून डोक्याचाही (चमनगोटा!). सागरगोटा तर दगड नव्हेच, काटेरी वेलीची बी आहे. पण टणक, गोल, गुळगुळीत, त्यामुळे गोटा.

गारगोटीतला ‘गार’ म्हणजे पांढरट, किंचित पारदर्शक स्फटिकी दगड. आभाळातून पडते तीही गारच, दिसायला तशीच. गारगोटी शेतात सापडली, फुटून धारदार झाली, तरी गारगोटीच राहते. काळा दगड कितीही झिजला तरी तो गारगोटी होत नाही.

ओळखायला सोपे आहे. कृष्णा-भीमेच्या पात्रातले बहुतेक गोटे बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाचे: काळे-करडे, जड, कधी अंगावर पांढरे ठिपके. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या, ते हे ठिपके. भोवतालचा खडक कुजला की मोठ्या पोकळ्यांतला ऐवज सुटा होतो. आपल्याकडच्या कितीतरी गारगोट्या अशाच. चाकूच्या टोकाने गारगोटीवर ओरखडा उठत नाही. आम्ही लहानपणी गोधडीत डोके खुपसून दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो. आत पिवळसर उजेड लुकलुकायचा आणि जळका वास यायचा. काळ्या गोट्यांनी ही गंमत कधी जमली नाही.

देवघरातला नर्मदेचा बाण लांबट गोटाच. शाळिग्रामाला मात्र गोटा म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. नेपाळातल्या गंडकीतल्या त्या काळ्या दगडात प्राचीन सागरी जिवाच्या शंखाचा जीवाश्म असतो, खरी ओळख त्या शंखाच्या चक्राकार वळणाची.

तेव्हा ‘मुले नदीकाठी गारगोट्या वेचत होती’ हे वाक्य मूळ कथेत पांढरे, चमकते दगड असतील तरच ठेवावे. नुसते गुळगुळीत असतील तर ‘गोटे’. आणि मूठभर, बारीक असतील तर ‘खडे’ही चालेल.