ब्रासिडास खरोखर होऊन गेला का?

प्रश्न : माझा अकरावीतला मुलगा ‘असासिन्स क्रीड ओडिसी’ हा प्राचीन ग्रीसवरचा व्हिडिओ गेम खेळतो. त्यात ब्रासिडास नावाचा स्पार्टन सेनानी मोजक्याच प्रसंगांत येतो आणि अँफिपोलिसच्या लढाईत मारला जातो. मुलाला तो मुख्य पात्रापेक्षाही आवडला आहे. हा माणूस खरोखर होऊन गेला का, आणि त्याचा मृत्यू तसाच झाला का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ब्रासिडास होऊन गेला, आणि आपल्या चिरंजीवांची पारख उत्तम आहे. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात पेटलेल्या युद्धातील स्पार्टाच्या सेनानींमध्ये मी त्याला फार वरचे स्थान देईन. २०१८ साली आलेल्या या खेळात मात्र त्याच्या वाट्याला थोडेच आले आहे. प्रत्यक्ष इतिहासात, नैऋत्य ग्रीसमधील पायलॉस या अथेन्सने बळकावलेल्या ठाण्यावरील हल्ल्यात, तिथल्या खडकाळ किनाऱ्याला जहाज भिडवण्यासाठी तो सुकाणू धरणाऱ्याला ओरडून सांगत होता. उतरण्याच्या शिडीवर पाऊल टाकताच त्याच्यावर इतका मारा झाला की तो शुद्ध हरपून कोसळला, त्याची ढाल निसटून समुद्रात पडली आणि वाहत किनाऱ्याला लागल्यावर अथेन्सवाल्यांनी ती आपल्या विजयचिन्हावर मिरवली.

पुढे इ.स.पू. ४२४ च्या हिवाळ्यात त्याने अँफिपोलिस हे अथेन्सच्या ताब्यातील उत्तरेकडचे नगर घेतले. ज्याला राहायचे त्याने मालमत्तेसह राहावे, ज्याला जायचे त्याने ५ दिवसांत चीजवस्तू घेऊन जावे, अशा सौम्य अटी ऐकून नगर त्याच्या स्वाधीन झाले. ते वाचवण्यासाठी ७ जहाजे घेऊन धावून आलेल्या अथेन्सच्या सेनापतीला उशीर झाला आणि त्यापायी २० वर्षे हद्दपारी भोगावी लागली. तो सेनापती म्हणजे थ्युसिडिडीस. त्यानेच या युद्धाचा इतिहास लिहिला, आणि ज्याच्यामुळे आपला देश सुटला त्या शत्रूची न्यायबुद्धी व संयम हातचे काही न राखता वाखाणला. ब्रासिडासच्या थोरवीची याहून मोठी साक्ष मला दिसत नाही.

मृत्यूची हकिगत खेळाने बदलली आहे. खेळात त्याला डेमॉस हे कल्पित पात्र मारते. प्रत्यक्षात इ.स.पू. ४२२ मध्ये तो निवडक १५० माणसांसह अँफिपोलिसच्या दरवाजातून एकाएकी बाहेर पडला, माघार घेणाऱ्या अथेन्सच्या फौजेवर तुटून पडला आणि जखमी झाला. तो पडल्याचे शत्रूला कळलेही नाही. साथीदारांनी उचलून नगरात आणल्यावर, आपली बाजू जिंकल्याचे ऐकण्यापुरता तो जगला. अथेन्सच्या फौजेचा सेनापती क्लिऑन पळताना मारला गेला. त्या बाजूची सुमारे ६०० माणसे पडली, ब्रासिडासच्या बाजूची ७. कथेला द्वंद्वाची गरज असेल, हे मान्य. तरीही मूळ प्रसंग अधिक हृद्य आहे आणि तो गाळायला नको होता. अँफिपोलिसकरांनी त्याला नगरातच पुरले, संस्थापकाचा मान दिला आणि दरवर्षी त्याच्या नावाने क्रीडास्पर्धा सुरू केल्या.

चिरंजीवांना थ्युसिडिडीसच्या इतिहासाचा चौथा भाग आणि पाचव्याची सुरुवातीची प्रकरणे अवश्य वाचायला द्यावीत. इंग्रजी अनुवाद अनेक आहेत. फ्लोरा फाउंटनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे एकदा विचारून पाहावे.